मिरेल्लाचं पोवळं

“जिवंत आहे!” पाण्यावर डोकं काढताच ओरेस्ते ओरडला. तोंडातली नळी निसटली, खारं पाणी घशात गेलं, तरी म्हातारा हसतच होता. “शमूना, केवढं वाढलंय गं! निळे मासे तर बघ, संसार थाटून बसलेत.”

शमूनाने हात देऊन त्याला होडीत घेतलं.

“हो सर,” ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

ज्या लोखंडी सांगाड्यावर ते पोवळं वाढलं होतं, त्याच्यावरची ‘ओरेस्ते आणि मिरेल्ला’ नावाची पट्टी तिने आज सकाळीच तिथे बांधली होती. तो सांगाडा त्यांचा नव्हताच.

तीन वर्षांपूर्वी ओरेस्ते आणि त्याची बायको मिरेल्ला इटलीहून या रिसॉर्टवर आले होते. पोवळ्याच्या तुटक्या फांद्या लोखंडी सांगाड्यावर कशा बांधायच्या, ते शमूनानेच त्यांना शिकवलं होतं. समुद्र वाचवायचा हा रिसॉर्टचा उपक्रम तिच्या हाती होता. ती शेजारच्याच बेटावरची. गावात तिचं नाव कौतुकाने घेतलं जायचं. पाहुण्यांच्या नावांचे सांगाडे धक्क्याजवळ, उथळ पाण्यात ओळीने उभे असायचे आणि त्यांचे फोटो शमूना पाहुण्यांना घरी पाठवायची. गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला. पोवळी आधी पांढरीफटक पडली, मग त्यांच्यावर शेवाळ चढलं. दूर, प्रवाहातल्या खोल पाण्यात शमूनाने स्वतः लावलेले मोजके सांगाडे तेवढे तगले.

तेव्हा ती रडत मॅनेजरकडे गेली होती. नाझिम तिच्याच गावचा, म्हणून ती त्याला बेबे म्हणायची, थोरला भाऊ; आणि तो तिला कोक्को, धाकटी बहीण.

“सगळ्यांना कळवू या, बेबे.”

“काय कळवशील? तुमचं पोवळं वारलं, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत?” नाझिम हसला. “अगं कोक्को, लोक इथे सुखाला येतात, मयताला नाही. जे जगलंय त्याचे फोटो पाठव. पोवळ्यासारखं पोवळं दिसतं. कुणाला कळतंय?”

तिने पाठवले. पहिला फोटो पाठवायला तिला अख्खा दिवस लागला. नंतर पाच मिनिटं पुरू लागली.

“जागा बदललीत का गं?” ओरेस्ते अंग पुसत म्हणाला. “तेव्हा अगदी धक्क्याजवळ होतं.”

“लाटांचा मार लागत होता. म्हणून इकडे आणलं.” हेही उत्तर तिच्याकडे तयार होतं.

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग टॉवेलच्या घडीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि मांडीवर ठेवला.

“विमानतळावर हा डबा उघडायला लावतात की काय, असं झालं होतं मला. कुणी विचारलं असतं, तर मीठ आहे म्हणणार होतो.” तो झाकणाशी झटू लागला. “मिरेल्ला आहे. हिवाळ्यात गेली. दवाखान्यात तू पाठवलेला फोटो उशाशी लागायचा तिला. नर्सला सांगायची, हे आमचं पोवळं, माझी राख याच्यापाशी सोडायचीय.”

झाकण निघालं. आत करडी राख होती. तो होडीच्या कडेला सरकला, तसा शमूनाने त्याचा दंड धरला.

“थांबा, सर.”

“का? चालत नाही का इथे? मी कुणाला सांगणार नाही.”

“हे तुमचं नाही.”

शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, होडी आत्ताच्या आत्ता उलटावी.

“तुमचं मेलं. गेल्या उन्हाळ्यातच. पट्टी मी आज सकाळी इथे आणून बांधली.”

ओरेस्तेने झाकण परत लावलं. मग एवढंच म्हणाला, “आमचं कुठाय?”

तिने होडी धक्क्याजवळ आणली. तिथे छातीभर पाणी होतं. म्हातारा उतरला. तीही उतरली, पण त्याच्या मागे, चार हात अंतर ठेवून. सांगाडा गंजला होता. फांद्यांवर तपकिरी शेवाळाची बुळबुळीत साय होती. मिरेल्लाने ओढून आवळलेल्या प्लास्टिकच्या गाठी अजून घट्ट होत्या; त्यांनी धरून ठेवलेलं मात्र बोट लावलं की खडूसारखं तुटत होतं. एकही मासा नव्हता.

ओरेस्तेने डबा पाण्याखाली नेला आणि तिथेच हलक्या हाताने रिकामा केला. राख ढगासारखी पसरली, सांगाड्यातून आरपार गेली, विरली.

आता तो चिडेल, रिसॉर्टभर बोंब मारेल, म्हणून शमूना वाट बघत होती. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“म्हणजे तो उशाचा फोटो...” तो म्हणाला.

“मघाच्या सांगाड्याचा.”

“असे फोटो फक्त आम्हालाच?”

“सगळ्यांना.” ती म्हणाली. “मला माफ करा, सर. मिरेल्लाबाईंच्या बाबतीत तरी मी...”

“तिचं राहू दे. ती समाधानाने गेली.” ओरेस्तेने पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवला. त्याचे डोळे लाल झाले होते. “मी दुसराच विचार करतोय. माझी नात आहे, तेक्ला. एकदा शाळेतून रडत घरी आली. त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं, समुद्र तापलेत, पोवळी मरतायत. मला असा राग आला! लेकरांना कशाला घाबरवायचं? दुसऱ्या दिवशी तू पाठवलेला फोटो घेऊन सरळ वर्गात गेलो. सगळ्या पोरांसमोर बाईंच्या हातात दिला. म्हटलं, बाई, हे बघा. मागच्याच महिन्यातलं आहे.”

“मग?” शमूनाने विचारलं. “बाई काय म्हणाल्या?”

“फोटो उलटसुलट करून बघितला बिचाऱ्यांनी. मग त्यांनी पोरांची माफी मागितली.”