दोन कॉम्प्युटर, एक नंबर

निवृत्तीनंतर कुमुदताई आणि विश्वासराव नेटवर्किंग शिकत होते. घरात इंटरनेट नव्हतं. हॉलमधला कुमुदताईंचा आणि आतल्या खोलीतला विश्वासरावांचा कॉम्प्युटर वायरने जोडून, प्रत्येकाला वेगळा नंबर देऊन सराव चालायचा. हल्ली मात्र मुकाट्याने. विश्वासरावांना कायमचं मुलाकडे राहायला जायचं होतं, कुमुदताईंना घर सोडायचं नव्हतं. त्यावरून दोघांनी अबोला धरला होता.

कुमुदताईंनी हॉलमधल्या कॉम्प्युटरला ‘एक’ हा नंबर दिला. पडद्यावर सूचना आली: हा नंबर दुसऱ्या कॉम्प्युटरने घेतला आहे.

“घेणारच,” त्या पुटपुटल्या. सकाळचा पेपरसुद्धा आधी विश्वासरावांनाच लागायचा.

थोडा वेळ त्या हटून बसल्या. मग कंटाळून त्यांनी तो बदलून ‘दोन’ हा नंबर दिला. पुन्हा तीच सूचना! कुमुदताई चक्रावल्या, आणि मग त्यांना उमगलं. आत विश्वासरावांनीही माघार घेऊन, ‘एक’ सोडून ‘दोन’ हाच नंबर घेतला होता.

त्या उठून दाराशी गेल्या. “अहो, जाऊ या आपण मुलाकडे.”

त्याच क्षणी आतून आवाज आला, “अगं, राहू या आपण इथेच.”

प्रश्न होता तिथेच राहिला. अबोला तेवढा सुटला.