मागं सरकून

"एकट्याच आल्या काय मॅडम?"

मिनलनं कॅनव्हासवरून मान वर केली. समोर, गोरेवाडा तलावाच्या काठावर एक माणूस उभा होता. लुंगी, उघडं अंग, हातात कुऱ्हाड. तो कधी आला, तिला कळलंच नव्हतं. रंग हातात आले की बाईंना जगाचा पत्ता नसतो, आणि घरच्यांना त्याचं भारी कौतुक.

"नाही," ती म्हणाली. "मिस्टर येऊन राहिले मागून."

"मांगून?" त्यानं आवाज एकदम खाली आणला. "त्याईले फोन लावा. येऊ नका म्हणा."

मिनल खोटं बोलली होती. मिस्टर बसले होते सीताबर्डीच्या दुकानात. फोन स्कूटीच्या डिकीत आणि स्कूटी मागं पळसाखाली. ऊन चढायच्या आत सावल्या मांडून घ्यायच्या म्हणून ती आल्याआल्या कामाला लागली होती. फोनची आठवण कुणाला राहते!

"फोन गाडीत आहे. आणते."

"नाही!" तो दबक्या आवाजातच ओरडला. "तिथंच राहा. चित्र काढून राहिल्या ना? काढत राहा."

त्यानं कुऱ्हाडीवरची पकड घट्ट केली. त्याची नजर तिच्या खांद्यापाशी खिळली होती, पापणीसुद्धा लवत नव्हती. मिनलनं ओढणी सारखी केली. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. पण डोकं अजून चालत होतं.

तैलरंग जवळून पाहिले तर नुसते थापे दिसतात. म्हणून चित्रकार थोडं रंगवतो, मागं सरकून दुरून बघतो, परत येतो. मिनल सकाळपासून तेच करत होती. त्यात संशय येण्यासारखं काय होतं?

तिनं पाण्यावर निळ्याचा एक फटकारा मारला आणि दोन पावलं मागं सरकली. डोळे बारीक केले, मान तिरपी केली, परत आली. पुढच्या खेपेला जरा जास्त मागं गेली. आणि तिथंच थांबली.

"मांगं नका जाऊ," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता.

"काहून? चित्र लांबूनच बघावं लागते." तिनं हसून दाखवलं.

"ताई, हात जोडतो. हळूहळू माह्याकडं या."

त्याच्याकडं! मिनलनं आणखी एक पाऊल मागं टाकलं. खिशातली किल्ली चाचपली. आता फक्त वळायचं आणि पळत सुटायचं.

तेवढ्यात त्यानं कुऱ्हाड उगारली आणि बोंबलत तिच्या दिशेनं धावत सुटला. मिनलच्या हातातला ब्रश गळून पडला. पाय हलेनात. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

तो तिच्या खांद्याला घासून पुढं गेला, आणि तिच्या अगदी पाठीशी बिबट्या गुरगुरला.