अर्धी भाकरी

“तुमचं बीच खराब होतं, कलाबाई,” म्हणत सावळीरामने कोबीची दोन रोपं ओसरीवर टाकली. एक तरारलेलं, एक पिवळं, खुरटलेलं. “हे मोतीरामच्या वावरातलं, हे माझ्या. त्याला चांगली दिली अन मला उरलीसुरली.”

कलाबाई सुनेला वाढत होती. ती वाफ्यात रोपं करून गावाला विकायची, आणि तिच्या रोपांना नावं ठेवायची मखमलाबादेत आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तिने भाकरीची टोपली खाली आदळली.

ताटावर बसलेल्या मनीषाने मान वर केली नाही. तिला पाचवा महिना लागला होता आणि ताटात अर्धी भाकरी होती. शेजारी धाकटा राज शाळेत जायला तयार होऊन उभा होता. थोरल्या ओमने पहिलीत घातलेला शर्ट पहिलीतल्या राजच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

“पोटुशीनं दोन घास कमी खावे, मूल मोठं झालं की अडतं,” हे कलाबाईला तिच्या सासूने, भिमाबाईने, शिकवलं होतं. त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. गावातली एक बाई अडून गेलेली कलाबाईने डोळ्यांनी पाहिली होती. मनीषा या खेपेला घोटीला आईकडे जाते म्हणत होती. कलाबाईने साफ नाही म्हटलं. माहेरचं बाळंतपण पहिलटकरणीचं, ते ओमच्या वेळी झालं. राजच्या वेळी कुंभमेळा होता, झेंडू तोडायला हात कमी होते, तेव्हाही ती इथंच राहिली होती. काय बिघडलं?

राजची उंची कुणी काढलीच तर कलाबाईचं उत्तर ठरलेलं असे. ओम आमच्या घरावर गेलाय, राज आईवर. घोटीकडची माणसंच ठेंगणी. मनीषा हे सहा वर्षं ऐकत आली होती.

घरात ठेंगणा आणखी एक होता, कलाबाईचा धाकटा मुलगा यादव. धावण्यात तो गावात पहिला यायचा, पण पोलीस भरतीत उंचीत दोन बोटं कमी भरला. त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून रडला होता. आता सातपूरला कारखान्यात जायचा. रात्रपाळी करून तो आत झोपला होता. तो मामावर गेलाय, असं कलाबाई म्हणायची.

“बी एकाच पाकिटातलं,” कलाबाई सावळीरामवर कडाडली. “वाफा एक, माझा हात एक. मोतीरामकडं तरारलं अन तुझ्याकडं खुरटलं, तर बियाला कशाला बोल लावतो? खायला घातलं का त्याला? शेणखताची पाटी तरी टाकली?”

सावळीराम वरमला. रोपं तिथंच टाकून निघून गेला. कलाबाईला बरं वाटलं. ती पुन्हा टोपलीशी येऊन बसली.

“आत्याबाई,” मनीषा म्हणाली, “ओम अन राजचं बी पण एकच हाय.”

“म्हणजे?”

“ओमच्या वेळी आईनं मला पोटभर खाऊ घातलं. राजच्या वेळी मी तुमच्या हाताखाली होते. हे तिसरं तरी नीट वाढू द्या.”

कलाबाईचं टाळकं सणकलं. कालची पोर आपल्याला शिकवते! “मीपण दोन बाळंतपणं काढली. मला सांगू नको.”

“ह्यांच्या वेळी तुम्ही कुठं होता?”

“माहेरी, कळवणला. पहिलं तिकडंच असतं.” दिनेशचं नाव निघालं की कलाबाईचा आवाज मऊ व्हायचा. दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकणारा तिचा थोरला, मनीषाचा नवरा.

“अन यादवभाऊजींच्या वेळी?”

आत यादवने कूस बदलली, तशी बाज करकरली. कलाबाई टोपलीकडे बघत राहिली. टोपली तीच होती, जुनी, भिमाबाईच्या हातची. यादवच्या वेळी कलाबाई याच जागी, ताटावर बसली होती, आणि तिच्या ताटात अर्धी भाकरी होती.