चिमूटभर खाणं

"पुन्हा आलं बघा!" खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळांवर चढलेला तपकिरी, चिकट थर मी खांबेटे भावजींना दाखवला. "आमचे हे गेल्यापासून किती लख्ख ठेवलीय टाकी! माशांनाही मोजकंच घालते."

यांच्या जोडीनं टाकी लावणारे भावजी काचेला नाक लावून बसले. "वहिनी, तेच चुकलं. पाणी फार स्वच्छ झालं, की हे शेवाळासारखे जीव माजतात. जरा घाण होऊ द्या. खाणं वाढवा."

मला हसूच फुटलं. रोज संध्याकाळी हे स्वयंपाकघराकडे चोरून बघत चिमटीवर चिमटी खाणं टाकायचे आणि मी आतून ओरडायचे, "अहो, पुरे! पाणी नासेल!"

डबा उघडून मी चिमूटभर खाणं टाकलं आणि यांच्यासारखंच हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आतून कुणीच ओरडलं नाही.