हाकेसरशी हजर

नळ दुरुस्तीचा धंदा पार थंडावला, तेव्हा मेहुण्याने भरीस घातलं म्हणून त्याने पैसे मोजून सोशल मीडियावर जाहिरात लावली. फोटो स्वतःचा, हातात पाना, आणि खाली ठळक अक्षरांत, 'हाकेसरशी हजर'.

तेव्हापासून तो दुकानात मोबाइलकडे डोळे लावून बसायचा. कोणी भाव विचारून गप्प व्हायचं, कोणी नुसता अंगठा दाखवून पुढे जायचं. जाहिरातीच्या नादात घरचंही धड ऐकू येईना. आज सकाळीही बायको काहीतरी सांगत होती. "बघू गं संध्याकाळी," म्हणत त्याने चपला घातल्या होत्या.

दुपारी एक मेसेज आला. खातं नवंकोरं, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

"मोरीतला नळ गळतोय. बादल्या उपसून जीव मेटाकुटीला आलाय. सांगून सांगून थकले, कोणी दाद देत नाही. तुम्ही याल का?"

चला, एक तरी गिऱ्हाईक गळाला लागलं. अदबीने त्याने लिहिलं, "ताई, अजिबात काळजी करू नका. आपलंच घर समजून काम करतो. आत्ता निघतो, फक्त पत्ता पाठवा."

पिशवीत पाना टाकून त्याने शटर ओढलं, तोच मोबाइल वाजला. पत्ता त्याच्याच घराचा होता.

त्याखाली बायकोने लिहिलं होतं,



"आपलं घर समजू नका. गिऱ्हाइकाचंच समजून या."