जोतीरामच्या पोटातलं

सुलाबाईनं सुनेच्या हातातला पेन हिसकावून घेतला.

"हिची सही चालायची न्हाई. हिनंच माज्या पोराला काय-बाय चारलंय."

दवाखान्यातल्या दुर्बीण-तपासणीच्या खोलीबाहेर बसलेले लोक माना वळवून बघू लागले. राणी खाली बघत उभी राहिली. तिचा नवरा जोतीराम स्ट्रेचरवर पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात फणफणता ताप, खाजवून खाजवून दंडावर वळ उठलेले. आटपाडीकडचा हा मेंढरं राखणारा बत्तीस वर्षांचा गडी तीन आठवड्यांत निम्मा झाला होता. दिवाळीला सासुरवाडीहून जेवून आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोटात कळ उठली. सुलाबाईला तेवढं पुरेसं होतं. मिरजेला येताना गाडीत दीर दिग्विजय सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ह्यो वाचला न्हाई, तर तुला बी सोडत न्हाई."

जोतीराम मात्र तिला एका शब्दानं बोलला नव्हता. त्यावरच राणी तगून होती.

डॉक्टर दीपमाला दार उघडून बाहेर आल्या. "पेशंटनं सही केलीय. खाली नातेवाइकाची सही बायको करेल. पित्ताची नळी तुंबलीय, आत पू झालाय. तोंडातून दुर्बीण घालून ती आजच मोकळी करायला हवी. स्वादुपिंडाला सूज यायचा धोका आहे, तेही सांगून ठेवते."

राणीनं सही केली. सुलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "मेला तर हिच्या सहीनं मेला. ध्यानात ठेवा."

आत जोतीरामला भूल दिली. दुर्बीण जठर ओलांडून आतड्यात उतरली. पित्तनळीचं तोंड सुजून तिळाएवढं उरलं होतं. दीपमालांनी त्यातून केसासारखी बारीक तार घातली. ती चुकून स्वादुपिंडाच्या नळीत शिरली. मागं घेतली, पुन्हा घातली. पुन्हा तिकडंच. आणखी डिवचलं तर सूज येणार, आणि सोडून दिलं तर पू रक्तात जाणार. क्षणभर त्यांनी हात थांबवला. मग चुकलेली तार तिथंच राहू दिली आणि तिच्या अंगानं दुसरी सरकवली. पडद्यावर ती तार वळली आणि सरळ लिव्हरकडं चढली. त्यांनी नळीचं तोंड कापून रुंद केलं, आत छोटा फुगा फुगवला आणि हळूहळू खाली ओढला. पू आला. त्यामागून सोललेल्या द्राक्षाच्या सालींसारखे पांढरे पापुद्रे आले, एकामागून एक.

दीपमालांनी ते बाटलीत घालून बाहेर आणले. सुलाबाई उसळून उठली.

"बगा! म्या म्हनलं न्हवतं? ह्येच चारलं हिनं!"

"सूनबाईंचं लग्न कधी झालं?" दीपमालांनी विचारलं.

"दोन वर्सं झाली," दिग्विजय म्हणाला.

"यांच्या लिव्हरमधली गाठ दहा वर्षांची तरी आहे. तिच्यावर चुना धरलाय. ती आता नळीत फुटली, हे पापुद्रे तिचेच. मेंढराचं आजारी काळीज, म्हणजे लिव्हर, कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या पोटात जंत होतात. त्या जंतांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून, केसांतून हाताला लागून माणसाच्या पोटात जातात. कुणी काही चारलेलं नाही. कावीळ उतरेल. गाठ पुढं ऑपरेशन करून काढू."

दिग्विजय भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मेंढरू कापलं की राखणीच्या कुत्र्यांना काळीज सुलाबाईच टाकायची. तिनं राणीचा पदर धरला. "चुकलं माजं, पोरी." राणीनं पदर सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी जोतीराम नीट शुद्धीवर आल्यावर सुलाबाईनं स्वतःच त्याला सगळं सांगितलं. बाटलीसुद्धा दाखवली. त्यानं मान डोलावली.

सकाळी ताप उतरला होता. डॉक्टरांनी पातळ काहीतरी द्यायला सांगितलं. राणी कँटीनमधून मुगाचं कढण घेऊन आली. सुलाबाईनं सरकून तिला खाटेजवळ जागा करून दिली. राणीनं नवऱ्याच्या मानेखाली हात घालून त्याला उठवलं आणि ग्लास त्याच्या ओठांजवळ नेला.

जोतीरामनं तोंड बाजूला केलं.

"आदी तू पी."

राणीनं ग्लास आपल्या तोंडाला लावला. सावकाश, तळाचा गाळसुद्धा न ठेवता, सगळा रिकामा केला. तो स्टुलावर ठेवला, खाटेखालची आपली पिशवी ओढून खांद्याला लावली आणि सासूकडं वळली.

"आत्या, तुमी तोंडावर तरी बोललासा."