पाच मिनिटांचा अंधार

अकरा मिनिटं झाली होती. काळ्या पडद्याखालून अजून जांभळी रेघ दिसत नव्हती. म्हणजे थोरलीने आतला दिवा लावलाच नव्हता. बाहेर बाकावर आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेल्या धाकटीने मनाशी नोंद केली. सलग आठवा दिवस.

दोघी जावा एकाच कारखान्यात, एकाच कामावर होत्या. पंपाची पाती तपासायची. पात्यांना आधी हिरवं तेल लावून पुसून घेत. कुठे तडा असला तर तेल त्यात लपून राही आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली चमके. दिवा लावण्याआधी पाच मिनिटं अंधारात नुसतं बसायचं, असा नियम होता. डोळे सरावल्याशिवाय केसाएवढा तडा दिसत नाही.

धाकटी साठपर्यंत मोजायची आणि दिवा लावायची. अंधारात चार महिन्यांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा चेहरा समोर येई. त्याच्यामागून एक पोकळी येई, तिला तळ नसे. गेल्या महिन्यात तडा असलेली दोन पाती तिच्या हातून पास झाली होती. "तिसरं गेलं की धुलाईला," असं साहेबांनी बजावलं होतं. धुलाई म्हणजे दिवसभर रसायनात हात. आणि बारीक काम जमणारी बाई ही तिची एकच ओळख उरली होती, तीही जाणार होती.

थोरलीच्या हातून कधी काही सुटत नसे. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. धाकटीचा नवरा गेला त्या दिवशीही ती आल्यागेल्यांना चहा देत होती, कप विसळत होती, कुणाला साखर नको तेही लक्षात ठेवत होती. "थोरलीकडून शिक जरा," सासूबाई म्हणत, आणि धाकटीच्या अंगाचा तिळपापड होई. हिचा नवरा धडधाकट, दोन मुलं, भरलेलं घर. शांत राहायला हिचं काय जातंय? घराचा हेवा एकवेळ गिळता आला असता. त्या शांतपणाचा गिळता येत नव्हता.

साहेब आले. त्यांची नजर कायम मनगटावर असे, म्हणून सगळे त्यांना माघारी 'घड्याळ' म्हणत.

"अजून आतच? करतात काय एवढा वेळ?"

"झोपत असतील," धाकटी म्हणाली. शब्द चुकून निसटला नव्हता. आठ दिवस तो जिभेवर तयार होता.

घड्याळाने घड्याळ पाहिलं. "आत जाऊन बघा आणि मला सांगा. झोपल्या असतील तर तुमच्याऐवजी त्या जातील धुलाईला."

धाकटीने पडदा सारला, दुसरा सारला आणि बटण दाबलं.

जांभळ्या उजेडात थोरलीचा चेहरा काळसर दिसला. पण तिच्या हातात काहीतरी पेटल्यासारखं निळं-पांढरं चमकत होतं. धुण्याच्या पावडरीतलं काहीतरी कापडात राहतं आणि ते या दिव्यात असंच चमकतं, हे दोघींनाही माहीत होतं. तो रुमाल होता. चिंब ओला.

"दिवा कशाला लावलास?" थोरलीचा आवाज जड होता.

"ताई, तुम्ही रडताय?"

"मग काय घरी रडू?" थोरलीने रुमालाची घडी घातली. "लग्न होऊन आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शाळेत जाताना खिशाला रुमाल मीच पिनेने लावून द्यायची. शेंबडा होता नुसता." ती हसली, आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. "पण दीर गेला म्हणून वहिनीने किती रडायचं? सगळे तुला जवळ घ्यायचे. मी आत चहा उकळत उभी. खोटं कशाला बोलू, फार जळायचे गं मी तुझ्यावर."

आठ दिवस मोजलेली मिनिटं धाकटीकडे नीट लिहिल्यासारखी होती, आणि त्यातलं एकही तिला कळलं नव्हतं.

"इथे बसून बरं वाटतं?" तिने विचारलं.

"पहिली दहा मिनिटं नाही वाटत. मग रडू संपतं. तो असतोच, पण नुसता बसलेला असतो. त्यानंतरची पाच मिनिटं डोळ्यांची." थोरली बाकावर जराशी सरकली. "तू मिनिटभरात दिवा लावतेस. बाहेर रेघ दिसते मला. त्याला नीट येऊ तरी दे."

धाकटीने दिवा बंद केला आणि तिच्याशेजारी बसली.

साठ झाले. तो आला. त्याच्यामागची पोकळीही आली. धाकटी उठली नाही. ती रडली, आवाज न करता, मग आवाज करून. रुमाल तिच्या हातात आला. कितीपर्यंत मोजलं ते ती विसरली. पडद्याच्या फटीतून येणारा उजेड आधीही तेवढाच होता, तरी हळूहळू टेबलाची कड दिसू लागली. मग पात्यांचा ढीग. मग थोरलीचा हात, तिच्या हाताशेजारी ठेवलेला. पोकळी गेली नव्हती. पण आता तिच्यात बसायला जागा होती.

दिवा लावून धाकटीने पहिलं पातं उचललं. मुळाशी एक हिरवी रेघ होती, केसाहून बारीक. तिने खडूने खूण केली.

बाहेर घड्याळ ताटकळलं होतं. "काय मग? झोपल्या होत्या ना?"

"नाही साहेब," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "आमच्या घरच्या डोळ्यांना अंधाराला सरावायला पंधरा मिनिटं लागतात."